माथेरानची चढण

नेरळ स्टेशनात उतरले की एका बाजूला मुंबई-पुण्याची मोठी रेल्वे दिसते आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी रेल्वे. माझे आजोळ नेरळजवळच्या एका खेड्यातले. मामू माथेरानला घोडे चालवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे आजोळी गेलो की एकदा तरी डोंगरावर जाणे व्हायचे, पण छोट्या गाडीतून नाही. तिकिटाचे पैसे कोण देणार? मामूंचा घोडा पुढे, त्याच्यावर पिठाचे पोते, आणि आम्ही मागे चालत. वळणावर गाडी आडवी गेली की खिडकीतली मुले हात हलवीत आणि आम्हीही हलवीत असू. त्या गाडीत बसण्याचा योग मला मास्तर झाल्यावर आला, शाळेची सहल घेऊन.

ती सहल १९९४ सालातली. डब्यात एका मुलीने विचारले, "सर, ही गाडी कुणी बांधली?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "इंग्रजांनी." इतिहासाचा मास्तर होतो, उत्तर तयारच होते. रेल्वे म्हटली की इंग्रज, टपाल म्हटले की इंग्रज, थंड हवेचे ठिकाण म्हटले की इंग्रज. वर पोहोचल्यावर मुलांना घोड्यांवर फेरी मारायची होती, म्हणून मामूंना निरोप धाडला होता. मुलांनी त्यांच्यासमोर माझे उत्तर पुन्हा घोकले. मामू मुलांदेखत काही बोलले नाहीत. संध्याकाळी लगाम गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मास्तर, रेल्वे तर आपल्या पीरभॉय शेठनं बांधली. तुला कालेजात कुणी सांगितलं नाही?"

मला कुणी सांगितले नव्हते. मी ज्या तालुक्यात वाढलो, ज्या डोंगरावर माझ्या आजोळची भाकरी शिजत होती, त्या डोंगराचा इतिहास मला माहीत नव्हता. चौथी नापास झालेल्या घोडेवाल्याला मात्र तो ठाऊक होता. त्या दिवसापासून माथेरानविषयी जे मिळेल ते वाचत आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत आलो. तेव्हा कळले की मामूंचे उत्तर माझ्यापेक्षा कितीतरी खरे होते, पण पूर्ण त्यांचेही नव्हते.

• • •

माथेरान 'शोधले' गेले १८५० च्या मे महिन्यात, असे सगळीकडे लिहिलेले असते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगराच्या पायथ्याशी चौक गावात मुक्कामाला होता. संध्याकाळी फिरायला म्हणून निघाला आणि आजच्या वन ट्री हिलच्या बाजूने माथ्यावर पोहोचला. वर गर्द झाडी, गार वारा आणि चोहीकडे तुटलेले कडे. मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेल्या साहेबाला दुसरे काय हवे? पुढे तो परत आला आणि वर राहून गेला. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला. मग पायवाटा आखल्या गेल्या, बंगल्यांच्या जागा पाडल्या गेल्या आणि मुंबईच्या साहेब लोकांचे, पाठोपाठ पारशी, बोहरी, खोजा आणि गुजराती शेठियांचे येणे सुरू झाले.

आता या 'शोधा'कडे थोडे नीट पाहावे. मॅलेटला वाट दाखवायला चौकचा पाटील बरोबर होता. म्हणजे पाटलाला वाट माहीत होती. डोंगरात ठाकूर, कातकरी आणि धनगर राहत होते. हिरडा, मध, लाकूड, गवत यांवर त्यांचा संसार चाले. 'माथ्यावरचे रान' म्हणून माथेरान हे नावसुद्धा साहेबाने दिलेले नाही, ते त्याला आयते मिळाले. ज्या जागेला आधीच नाव आहे, जिथे जायला पाऊलवाट आहे आणि वाट दाखवणारा माणूस आहे, ती जागा हरवलेली कुठे होती? पण पुस्तकात मॅलेट राहिला, पाटील नुसता 'पाटील' राहिला. मॅलेटच्या नावाचा झरा आजही माथेरानात आहे.

पॉइंटांची नावे एकदा सहज म्हणून पाहावीत. अलेक्झांडर, लुइझा, गार्बेट, हार्ट. पिण्याच्या पाण्याचा तलाव तो शार्लोट, आणि त्याच्या काठी गावाचे दैवत पिसारनाथ. पिसारनाथ आणि शार्लोटबाई इतकी वर्षे एकाच काठावर शेजारी म्हणून नांदताहेत आणि दोघांचे भांडण कधी कुणी ऐकलेले नाही. माझी तक्रार शार्लोटबाईंविषयी नाही. या यादीत चढणाऱ्यांची नावे आहेत, चढवणाऱ्यांचे एकही नाही, एवढेच मला दिसते.

• • •

मुंबईहून निघालेली रेल्वे १८५६ मध्ये कल्याणच्या पुढे नेरळवरून खोपोलीच्या दिशेने गेली आणि माथेरान मुंबईच्या हाताशी आले. नेरळपर्यंत आगगाडी आणि पुढे सुमारे अकरा किलोमीटरची चढण. ही चढण कशी चढायची, हा माथेरानचा पहिला प्रश्न होता आणि पावणेदोनशे वर्षांनंतरही तोच प्रश्न आहे. बाकीचा इतिहास त्याच्या अवतीभवती फिरतो.

ज्याला ऐपत असे तो पालखीत नाहीतर खुर्चीच्या डोलीत बसे. ज्याला बसता येई तो तट्टावर बसे. सामान हमालांच्या डोक्यावर. साहेब, त्यांच्या बायका, मुले, पेट्या, बिछाने, काचेची भांडी, बंगल्याचे दगड, लोखंड, कौले, सगळे माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून वर गेले. आज माथेरानच्या जुन्या बंगल्यांपुढे उभे राहून लोक त्यांची धाटणी पाहतात. मी मोजतो की या एका छपरासाठी किती खेपा झाल्या असतील. घोडेवाल्याच्या भाच्याला ही खोड असायचीच.

मोटार माथ्यावर आणायची नाही, हा नियम माथेरानने जपला. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल मातीचा रस्ता आहे. म्हणून हवा स्वच्छ राहिली, झाडी टिकली, शेकरू आणि वानरे टिकली. पण मोटार नाही याचा अर्थ ओझे नाही असा होत नाही. ओझे तेवढेच असते, ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाते. गॅसची टाकी, दुधाचे कॅन, भाजीची पोती, वाळू, सिमेंट यांतले काहीही आपोआप वर येत नाही.

• • •

आता मामूंचे पीरभॉय शेठ.

आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा समाजातले. काठियावाडातल्या गरीब घरात जन्मले आणि कोवळ्या वयात मुंबईला आले. रस्त्यावर काडीपेट्या विकून त्यांनी सुरुवात केली, असे सांगतात. पुढे लष्कराला तंबू पुरवण्याच्या कंत्राटात त्यांचे नशीब फळफळले. कातड्याचा मोठा कारखाना निघाला, कापडाची गिरणी निघाली. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. दानधर्म मोठा. चर्नी रोडला त्यांच्या नावाचे सॅनिटोरियम मुंबईकरांना ठाऊक आहे. १९०७ मध्ये सरकारने त्यांना 'सर' केले आणि १९१३ मध्ये ते वारले.

माथेरानच्या रेल्वेची एक गोष्ट सांगितली जाते. शेठ एकदा नेरळला उतरले, तर वर जायला ना घोडा मिळाला ना पालखी. सगळे आधीच ठरलेले. ते तसेच परतले आणि म्हणाले, आता इथे रेल्वे बांधूनच वर जाईन. मामू ही गोष्ट रंगवून सांगत आणि शेवटी हसून म्हणत, "त्या दिवशी आमच्यातल्या एकानं जरी घोडा दिला असता, तर रेल्वे झाली नसती आन् आमचा धंदा बुडाला नसता." गोष्ट घडली तशी असेल किंवा नसेल. पण वर न जाता आलेल्या माणसाचा हट्ट तिच्यात आहे आणि गाडी तर आपल्या डोळ्यांपुढे उभीच आहे.

हट्ट बापाचा असला तरी काम केले मुलाने. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ही रेल्वे अंगावर घेतली. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. खर्च आला सुमारे सोळा लाख रुपये, त्या काळचे सोळा लाख. पैसा पीरभॉय घराण्याचा. समुद्रसपाटीजवळच्या नेरळपासून सुमारे आठशे मीटर उंचीच्या माथेरानपर्यंत वीस-एकवीस किलोमीटरचा मार्ग. सरळ चढ अशक्य, म्हणून रूळ डोंगराला वेढे घालत वर जातात. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की एक फूट वर, इतका चढ. चार वाफेची इंजिने जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यातून आली. अशा तीव्र वळणांवर सगळी चाके रुळांना धरून राहावीत म्हणून त्यांची घडण मुद्दाम वेगळी केलेली होती. त्यामागे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचे डोके होते. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता तो हाच.

म्हणजे 'इंग्रजांनी बांधली' हे माझे उत्तर चूक होते, तरी त्यात इंग्रजाचा वाटा होता. जर्मन कारखान्याचा होता. 'शेठनं बांधली' हे मामूंचे उत्तर बरोबर होते, पण शेठनी सुरुंग लावले नव्हते, खडी फोडली नव्हती, पाटीने माती वाहिली नव्हती. तीन वर्षे डोंगर कुणी फोडला? ते कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे, किती रोजावर आले, किती जण कड्यावरून गेले? चौकच्या पाटलाला निदान 'पाटील' एवढे तरी नाव मिळाले, यांना तेवढेही मिळाले नाही. त्यांच्यात ठाकूर असतील, कातकरी असतील, महार असतील, आमच्या नेरळ-दामत भागातले मुसलमानही असतील. गाडी जुम्मापट्टी सोडून वॉटर पाइपकडे वळते तेव्हा उजव्या-डाव्या हाताला तासलेले कातळ दिसतात. त्या मजुरांची सही तेवढीच शिल्लक आहे.

• • •

मामूंच्या बोलण्यातला 'आपला' हा शब्द माझ्या मनात बरीच वर्षे अडकून राहिला. पीरभॉय आपले कसे? आम्ही कोकणी सुन्नी, ते गुजराती बोलणारे शिया बोहरी. आमची सोयरीक नाही, मशीद एक नाही, जेवणाची तऱ्हा एक नाही. शेठच्या ताटात बसून जेवायला मामूंना कधी कुणी बोलावले नसते. तरीही घोडेवाल्याने 'आपला' म्हटले. गरिबाला अशा नावाची गरज असते. शाळेच्या पुस्तकात, रस्त्याच्या पाटीवर, पुतळ्याच्या चौथऱ्यावर आपल्यासारखे नाव वर्षानुवर्षे दिसले नाही की मिळेल ते नाव माणूस छातीशी धरतो. या देशासाठी आमच्या माणसांनीही काही बांधले आहे, एवढे त्याला म्हणायचे असते. यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही.

पण याच ठिकाणी आपण सावध राहायला हवे. आपल्या अधिवेशनांत, व्याख्यानांत अशी नावे आपण मोठ्या अभिमानाने घेतो आणि पुढच्या वाक्याला टाळी पडली की विसरतो. नाव घेताना माणूस पुरता घ्यावा लागतो. हेच आदमजी पीरभॉय १९०७ च्या डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्ष होते. एकाच वर्षात डोंगरावर गाडी गेली, सरकी किताब मिळाला आणि लीगचे अध्यक्षपद मिळाले. तेव्हाची लीग चाळीस वर्षांनंतरची लीग नव्हती. ती सरकारशी जमवून घेणाऱ्या बड्या लोकांची सभा होती. एवढे समजून न घेता कुणी या एका कारणासाठी त्यांचे नाव पुसायला निघाले, तर तो अन्याय होईल. आणि आपणही अडचणीचे पान लपवून फक्त रेल्वेचे पान वाचू लागलो, तर तोही खोटेपणाच. काडीपेट्या विकणारा पोरगा, लष्कराचा कंत्राटदार, दानशूर शेठ, राजनिष्ठ सर आणि आपल्या पैशाने डोंगर चढवणारा हट्टी म्हातारा हा सगळा मिळून एकच माणूस आहे.

पुढे ही रेल्वे मध्य रेल्वेत आली. वाफेची इंजिने १९८० च्या दशकात थांबली, डिझेल आले. जगाच्या वारशाच्या संभाव्य यादीत तिचे नाव गेले. एवढ्या प्रवासात डब्यात बसणाऱ्याला पीरभॉय हे नाव माहीत असण्याचे काही कारण उरले नाही. मी स्वतः त्याचा पुरावा आहे.

माथेरानला एक नाव मात्र राहिले आणि ते सर्वार्थाने गावाचे आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. १९१२ मध्ये माथेरानातच न्हाव्याच्या घरात जन्मले. मोठ्या कष्टाने वकील झाले. दुष्काळात शेतकऱ्यांना धान्य मिळावे म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, आदिवासी मुलांसाठी शाळा काढल्या. १९४२ मध्ये भूमिगत होऊन आझाद दस्ता उभारला. मुंबईला वीज नेणारे मनोरे त्यांच्या साथीदारांनी पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात हिराजी पाटलांसह ते गोळीला बळी पडले. ज्या घरातल्या माणसांनी शेठसाहेबांच्या हजामती केल्या असतील, त्या घरातला पोरगा त्यांच्या दिव्यांची वीज तोडायला निघाला, याचा अर्थ माथेरानच्या बंगल्यांतून कळत नाही, बाजारामागच्या खोल्यांतून कळतो. मामू कोतवालांचे नाव घेतानाही 'आपले भाई' असेच म्हणत. त्यांच्या 'आपला' या शब्दाचा घेर माझ्या समजुतीपेक्षा मोठा होता, हे मला फार उशिरा उमगले.

• • •

रेल्वेने घोडेवाल्यांचा धंदा बुडवला, असे मामू म्हणत, पण तो बुडाला नाही. गाडीतून माणसे जास्त येऊ लागली आणि वर आल्यावर त्यांना पॉइंट बघायला घोडा लागू लागला. आज परवानाधारक घोडे साडेचारशेच्या आसपास आहेत. घोडेवाल्यांत मुसलमान आहेत, मराठे आहेत, धनगर-ठाकूरही आहेत. उन्हाळ्यात ऑलिम्पिया मैदानावर शर्यती लागत. त्या दिवशी कुणाचा घोडा पहिला आला याची चर्चा ईदच्या चंद्रासारखी महिनाभर आधीपासून चाले.

१९८७ मध्ये रमजान ऐन मे महिन्यात आला होता. सीझन आणि रोजे एकाच वेळी. मामू सहरी करून घराबाहेर पडत, ते मगरिबला बाजारातल्या ओट्यावर टेकत. दिवसभर घोड्यावर पाहुणा आणि मामू लगाम धरून चालत. एकदा इको पॉइंटवर एका बाईंनी त्यांना लिंबू सरबत देऊ केले. रोजा आहे म्हटल्यावर त्यांनी ते घोड्याला पाजायला सांगितले. मामू म्हणायचे, "त्या दिवशी बादशाहनं माझ्या वाट्याचं सरबत प्यायलं." बादशाह त्यांच्या घोड्याचे नाव. इफ्तारला शेजारचा चिक्कीवाला मराठा दुकानदार खजूर आणि पाणी ठेवून असे. त्याने कधी त्याची वाच्यता केली नाही, मामूंनी कधी आभार मानले नाहीत. दोघांनाही तशी गरज वाटली नाही.

चांद्रवर्ष साधारण तेहतीस वर्षांनी फिरून त्याच जागी येते. २०२० मध्ये रमजान पुन्हा मे महिन्यात आला. पण मार्चपासून देश बंद होता. माथेरानच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच मे महिन्यात रस्ते रिकामे पडले. मामू तोवर अल्लाला प्यारे झाले होते. मामेभाऊ फोनवर म्हणाला, "भाई, आपण रोजा ठेवतो नियतीनं. जनावराला नियत सांगता येत नाही, त्याला गवत लागतं." त्या हंगामात त्याने दोन घोडे पडत्या भावाने विकले.

या भावाच्या आणि माझ्या गाठीभेटींत एक वाद ठरलेला असतो. २६ जुलै २००५ च्या पावसाने छोट्या रेल्वेचा मार्ग जागोजागी वाहून गेला आणि गाडी २००७ मध्ये, शतकाच्या सालात, पुन्हा सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद, २०१८ मध्ये सुरू. २०१९ च्या पावसाने पुन्हा बंद, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू. दरवेळी मी हळहळलो. भाऊ म्हणाला, "तुला वारसा दिसतो. गाडी बंद असली की दस्तुरीला मला चार गिऱ्हाइकं जास्त मिळतात." मामूंना पीरभॉयांचा अभिमान होता आणि पीरभॉयांच्या गाडीशी त्यांची स्पर्धाही होती. इतिहासाचा मास्तर पहिले वाक्य लिहितो आणि दुसरे गाळतो. घोडेवाल्याच्या घरात ही दोन्ही वाक्ये एकाच चुलीवर शिजतात.

• • •

घोड्यांहूनही अवघड गोष्ट आहे हातरिक्षांची. पुढे एक माणूस ओढतो, मागून एक किंवा दोन माणसे ढकलतात आणि मध्ये एक माणूस बसतो. आजारी म्हातारीला, गरोदर बाईला, अपंगाला बाजारात आणायचे तर दुसरा उपाय नव्हता. ही माणसे बहुतेक गावची आणि आसपासच्या वाड्यांवरची. छाती भरून येईपर्यंत ओढतात. चाळिशी उलटली की त्यांचे गुडघे साठीचे होतात.

फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. डोंगर वाचवायला हे आवश्यकच होते. पण मोटारबंदी कागदावर आणखी घट्ट झाली, तशी हातरिक्षाही घट्ट झाली. मग रिक्षा ओढणाऱ्यांनीच विजेवर चालणाऱ्या रिक्षा मागितल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रयोग म्हणून सुरू झाल्या. त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच हाती द्याव्यात, असे न्यायालयाने पुढे सांगितले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने स्पष्ट निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांच्या पोटाची व्यवस्था करा.

घोडेवाले ई-रिक्षांच्या विरोधात होते. रस्त्यावर बसवलेल्या ब्लॉकवर घोड्यांच्या टापा घसरतात, ही त्यांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. आज सात, उद्या सत्तर, परवा मोटारी, ही भीतीही खोटी नाही. माझा भाऊ त्या विरोधात होता. मी नव्हतो. आमचे यावरून कडाक्याचे वाजले. मी म्हटले, आपल्या घरात घोडा ओढत होता, त्यांच्या घरात बाप ओढतो, एवढा फरक तरी मान. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मानतो. पण माझ्या घोड्याचं काय करायचं, ते तुझ्या कोर्टानं सांगितलं नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. एकाच्या खांद्यावरचे ओझे उतरते तेव्हा ते दुसऱ्याच्या दारात ठेवले जाणार नाही, हे पाहणे सरकारचे काम आहे आणि गावाचेही.

२०११ च्या जनगणनेत माथेरानची वस्ती साडेचार हजारांच्याही आत होती. एवढ्या लहान गावात पालखीवाला, घोडेवाला, रेल्वे, हातरिक्षा आणि ई-रिक्षा यांचा इतिहास एकाच रस्त्यावर आहे. प्रत्येक पिढीने वर जाण्याचा नवा मार्ग काढला आणि प्रत्येक वेळी आधीचा चढवणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पीरभॉय शेठना घोडा मिळाला नाही म्हणून त्यांनी रेल्वे बांधली. तेव्हा नेरळच्या पालखीवाल्यांचे काय झाले, हे विचारायला कुणी मास्तर नव्हता. आज विचारणारे आहेत, एवढी प्रगती मी जमेस धरतो.

निवृत्त होण्याच्या वर्षी मी शेवटची सहल माथेरानला नेली. डब्यात एका मुलाने तोच प्रश्न विचारला, किंवा कदाचित मीच त्याला विचारायला लावले असेल. मी आदमजी पीरभॉयांचे नाव सांगितले, अब्दुल हुसेनचे सांगितले, कॅल्थ्रॉपचे सांगितले. मग कातळाकडे बोट दाखवून म्हटले, "आणि ज्यांनी हा डोंगर फोडला, त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. तुमच्या घरी आजोबांना विचारा." नेरळ भागातल्या दोन मुलांनी पुढच्या आठवड्यात येऊन सांगितले की त्यांच्या पणज्याने इथे खडी वाहिली होती, असे घरात बोलतात. एक ठाकरवाडीचा होता, एक आमच्याच मोहल्ल्यातला. त्यांनी सांगितलेली दोन्ही नावे मी वहीत लिहून घेतली. वही अजून माझ्याकडे आहे आणि तिच्यात पाने पुष्कळ रिकामी आहेत.